अकरावं मशीन

"माझा अंदाज चुकला," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायचे. आवाजात ओशाळलेपण नसायचं, वैतागही नसायचा. रेडिओवर हवामानाची बातमी सांगावी तसं ते स्वतःची चूक सांगायचे. मग चष्मा लावून पुन्हा कामाला लागायचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, की काही बिघडलं तर पहिल्याच मिनिटाला कारण सांगतात आणि ते चुकलं की आवाज चढवतात. हे अर्धे तसेच होते. पहिल्याच मिनिटाला कारण सांगायचे आणि बहुतेक वेळा चुकायचे. पण चुकलं की सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं कबूल करायचे. त्यामुळे आमच्याकडे त्यांचं नावच 'अंदाज' पडलं होतं. "आज अंदाज येणार आहेत का?" असं आमचे अकाउंटंट मला विचारायचे. त्यांच्या तोंडावर नाही अर्थात.

नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आमच्या साहेबांचा डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगांची रसायनं बनवायचा कारखाना होता. ऑफिस तिथेच, शेडच्या वरच्या माळ्यावर. मी निर्यातीची कागदपत्रं बघायचे. माझं घर डोंबिवलीतच, त्यामुळे चालत जायचं, चालत यायचं. मग साहेबांनी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका बंद पडलेल्या कंपनीचं ऑफिस विकत घेतलं आणि आम्ही सगळे तिकडे गेलो.

साहेबांना 'सकट' हा शब्द फार आवडायचा. ऑफिस टेबलांसकट मिळालं, पंख्यांसकट मिळालं, नऊ कॉम्प्युटरांसकट मिळालं आणि त्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या वायरीसकट मिळालं. ही वायर म्हणजे काळी, जाड, टीव्हीच्या केबलसारखी. कपडे वाळत घालायची दोरी या खिळ्यावरून त्या खिळ्यावर जावी, तशी ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायची. अशा वायरीला दोन्ही टोकांना पितळी टोपी लागते. मध्ये कुठे सांधा सुटला की सगळी मशीनं एकदम मुकी. साहेबांच्या कॅबिनमध्ये एक मशीन होतं, त्याला मोडेम आणि टेलिफोनची लाइन. इंटरनेट तिथे यायचं आणि त्या वायरीवरून बाकीच्यांना मिळायचं.

ही सगळी मांडणी कोणी केली ते कोणालाच माहीत नव्हतं. जुन्या कंपनीचा जो माणूस हे बघायचा तो गल्फला गेला होता, आणि जाताना पासवर्डही घेऊन गेला होता. मी माझं डोंबिवलीचं मशीन बरोबर आणलेलं, ते दहावं. ते जोडणाऱ्या माणसाने त्याला एक नंबर दिला. या नंबरांचं काम घराच्या नंबरासारखं असतं, हे मला पुढे कळलं. कॅबिनमधलं मशीन फक्त ठरावीक नंबरांनाच बाहेर इंटरनेटवर सोडायचं. ते ठरलेले नंबर बदलायला पासवर्ड हवा होता, आणि पासवर्ड गल्फमध्ये. त्या माणसाला एक नंबर रिकामा दिसला, तो त्याने मला दिला आणि तो निघून गेला.

महिनाभर बरं चाललं. मग माझं इंटरनेट अधूनमधून बंद पडायला लागलं. बाकी कोणाचंच नाही, फक्त माझं. आणि नेमकं माझंच काम असं, की परदेशातलं गिऱ्हाईक ईमेलची वाट बघत बसलेलं आणि माल गोदीत अडकलेला. एकदा असं झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा साहेब माझ्या टेबलाजवळ येऊन म्हणाले, "बाकी नऊ जणांचं चालतं. मग मशीनचा दोष म्हणायचा की कोणाचा?"

तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्तीला त्यांना बोलावलं.

पन्नाशीचे असतील. सावळे, अंगाने बारीक, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात रेक्झिनची बॅग. मूळचे बाळकुमचे. पूर्वी शहाडच्या बाजूला एका छोट्या कारखान्यात मीटर आणि गेज सांभाळायचे, तो बंद झाल्यावर पंचेचाळिशीत कॉलेजच्या पोरांबरोबर बसून कॉम्प्युटरचा कोर्स केला. हे सगळं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, मी न विचारता. "म्हणजे तुम्हाला कळावं, की मी यातला मोठा तज्ज्ञ नाही."

साहेब ऐकत होते. त्यांना हे आवडलं नाही.

ते आले की लगेच मशीनला हात लावायचे नाहीत. माझ्या खुर्चीमागे हात पाठीशी बांधून उभे राहायचे आणि म्हणायचे, "तुम्ही रोज करता तसं करा." मग मी करायचे. कोणी मागे उभं राहून बघत असलं की आपल्याला आपलंच नाव टाइप करता येत नाही. पण ते घाई करायचे नाहीत. माझ्या स्क्रीनवर इंग्रजीत एक लांबलचक वाक्य यायचं. अकाउंटंटनी मला ओके दाबायला शिकवलेलं, म्हणून मी ओके दाबायचे. त्यांनी ते वाचलं.

"हे म्हणतंय, तुमचा नंबर दुसऱ्या कोणीतरी घेतलाय."

त्यांनी सगळी मशीनं तपासली, नऊच्या नऊ. प्रत्येकाचा नंबर वेगळा. मग ते म्हणाले, "म्हणजे हे खोटं बोलतंय. कार्ड खराब असणार." कार्ड बदललं. दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी बंद. ते आले, चष्मा पुसला. "माझा अंदाज चुकला." मग वायरीचा तुकडा बदलला, सांधे बदलले. एकदा माझं अख्खं मशीन उचलून अकाउंटंटच्या टेबलावर ठेवलं आणि अकाउंटंटचं माझ्याकडे. अकाउंटंट आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

आणि मध्येच चालू झालं की मी म्हणायचे, "झालं दुरुस्त." तर ते हात वर करायचे. "दुरुस्त म्हणू नका मॅडम. चालू झालंय म्हणा. का बंद पडलं ते कळेल तेव्हा दुरुस्त."

ऑफिसमध्ये ज्याला त्याला कारण माहीत होतं. कोणी म्हणालं व्होल्टेज. कोणी म्हणालं उंदीर. अकाउंटंट म्हणाले दिशा. माझं टेबल पश्चिमेला तोंड करून होतं, ते त्यांनी एका सकाळी शिपायाला हाताशी घेऊन पूर्वेला वळवलं. त्या दिवशी माझं नेट दिवसभर चाललं. दुपारी हे आले तेव्हा अकाउंटंटनी त्यांना ते अगदी अगत्याने सांगितलं. मला वाटलं हे हसतील. ते हसले नाहीत.

"टेबल फिरवल्यावर चालू झालं?"

"हो."

"फिरवून बघू."

त्यांनी स्वतः टेबल ढकलून परत पश्चिमेला केलं. नेट चालूच राहिलं. मग ते अकाउंटंटना म्हणाले, "दिशा नाही. बरं झालं तुम्ही सांगितलंत, एक कारण कमी झालं." अकाउंटंट तेव्हापासून त्यांना मानायला लागले. ही थट्टा नव्हती, हे त्यांनाही कळलं असावं.

माझ्या मात्र एक गोष्ट लक्षात यायला लागली होती. ज्या दिवशी मला उशीर व्हायचा, त्या दिवशी नेट नसायचं. लवकर गेले की असायचं. हे मी साहेबांना सांगितलं आणि पस्तावले. साहेबांना ती व्यवस्था फार पसंत पडली. "मशीनलाही शिस्त कळते," असं ते सगळ्यांना सांगायला लागले.

मी लवकर जायला लागले. आधी थोडं लवकर. काही दिवस चाललं आणि मग पुन्हा बंद पडायला लागलं. मग आणखी लवकर. घरी सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण चहाचा कप जरा जोरात ठेवायला लागल्या. नवरा म्हणाला, "प्रमोशन देणार आहेत का?" मी म्हटलं, "नाही, नेट देणार आहेत." शेवटी अशी वेळ आली, की वॉचमन किल्ल्या घेऊन यायच्या आत मी पायरीवर उभी. आणि तरीही काही दिवशी वर जाऊन मशीन लावावं तर तेच इंग्रजी वाक्य. माझ्याही आधी कोणीतरी येऊन माझा नंबर घेऊन बसलेलं.

हे मी त्यांना सांगितलं. "लवकर आलं की मिळतं, पण आता लवकर आलं तरी मिळत नाही."

त्यांनी ते दोनदा म्हणायला लावलं. मग विचारलं, "ऑफिसात सगळ्यात आधी कोण येतं?"

"मीच."

"मग शर्यत कोणाशी लागलीय?"

सोमवारी मी पोचले तर ते माझ्या आधी आलेले. वॉचमनला सांगून त्यांनी उघडून घेतलं होतं. ऑफिसात दुसरं कोणी नाही. माझं मशीन त्यांनी लावून बघितलेलं, नेट आलं नव्हतं, म्हणून बंद करून ठेवलेलं. ते कॅबिनमधल्या मशीनसमोर बसले होते, हात मांडीवर.

"मॅडम, आपली मशीनं किती?"

"दहा."

"चालू किती?"

मी बाहेर बघून आले. "एक. हे तुमच्यापुढचं."

"मी इथून तुमच्या नंबराला हाक मारतोय. तुमचं मशीन बंद आहे, म्हणजे ओ यायला नको." त्यांनी बटण दाबलं. काळ्या स्क्रीनवर एकाखाली एक ओळी यायला लागल्या. "ओ देतंय."

रिकाम्या ऑफिसात पुन्हा बाहेर जाऊन माझं मशीन खरंच बंद आहे ना, ते मी बघून आले.

"हे मी पहिल्या दिवशीच करून बघायला हवं होतं," ते म्हणाले. "स्क्रीन खरं सांगत होता, मी त्याला खोटं ठरवलं. अकरावं मशीन आहे कुठेतरी."

त्यांनी वॉचमनची शिडी आणली आणि वायर धरून निघाले. माझ्या टेबलापासून अकाउंटंटच्या, तिथून पुढे, शेवटच्या टेबलापर्यंत. शेवटच्या टेबलाशी वायर संपायला हवी होती, टोपी लागायला हवी होती. टोपी नव्हती. वायर वर चढून छताच्या खाली भिंतीत शिरली होती. भोक पाडून घातलेली नव्हती. भिंतच वायरीभोवती बांधली होती.

तेव्हा उलगडा झाला. बंद पडलेल्या कंपनीचं ऑफिस आमच्या दुप्पट होतं. अर्धं आमच्या साहेबांनी घेतलं, अर्धं महिन्याभराने दुसऱ्या कोणी. गवंड्याने मध्ये भिंत घातली, आणि वायर दिसली तर ती तोडायची कशाला म्हणून तिला जागा ठेवून वर विटा रचल्या. पलीकडचे लोक पलीकडच्या जिन्याने यायचे, त्यांचं आमचं तोंड दिसायचा प्रश्न नव्हता. पण तिकडचं एक जुनं मशीन आणि माझं मशीन एकाच नंबरावर हक्क सांगत होती. जे आधी सुरू होईल त्याला नंबर मिळायचा. दुसऱ्याला इंग्रजी वाक्य.

साहेब आले. त्यांनी साहेबांना कॅबिनमध्ये बसवून सगळं सांगितलं आणि दाखवायला म्हणून ते पलीकडचं मशीन स्क्रीनवर उघडलं. त्यातली सगळी फोल्डरं उघडी. साहेबांनी एकावर बोट ठेवलं, यांनी दाबलं. आत दरपत्रकं होती. पलीकडचेही रंगांच्या धंद्यातले निघाले. आणि एक दरपत्रक आमच्याच परदेशी गिऱ्हाइकाला पाठवलेलं.

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

यांनी हात लांब करून स्क्रीनचं बटण दाबलं. स्क्रीन काळा झाला.

"काय करताय?" साहेब म्हणाले.

"ते त्यांचं आहे साहेब. मी फक्त मशीन कुठलं ते दाखवायला उघडलं."

साहेबांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "बघा, वायर आपल्या ऑफिसात आहे. ती राहू दे. या बाईंना मी दुसरं मशीन देतो, तुम्ही काही करू नका. फक्त त्यांना आपलं दिसणार नाही तेवढं बघा."

"जमेल," ते म्हणाले.

"मग झालं तर."

"जमेल, पण मी करणार नाही. त्यांना सांगायला लागेल."

"कोणाला?"

"पलीकडच्यांना." ते उठले. बॅग तिथेच ठेवून, चप्पल घालून जिना उतरायला लागले. रागाने नाही. पाणी प्यायला उठावं तसे.

साहेब माझ्याकडे वळले. "जा, त्यांना परत आणा." मी धावत खाली गेले, इमारतीला वळसा घालून पलीकडच्या जिन्याने वर. तोवर त्यांनी बेल दाबली होती.

आत शिरले आणि मी दारातच थांबले. आमच्यासारखीच टेबलं, आमच्यासारखेच पंखे, पंख्याला तोच पिवळट रंग. आणि ज्या भिंतीच्या अलीकडे मी बसायचे, त्याच भिंतीच्या पलीकडे, मशीनसमोर माझ्याच वयाची एक बाई बसलेली. एवढ्या सकाळी ऑफिसात ती आणि तिचे मालक, दोघंच.

त्यांनी मालकांना वायरीची गोष्ट सांगितली. मालक गोंधळले. त्यांना इंटरनेट कुठून येतं तेच माहीत नव्हतं. "ते तर जागेबरोबरच आलंय," ते म्हणाले. म्हणजे आमची टेलिफोनची लाइन पलीकडचेही वापरत होते आणि दोन्हीकडे कोणाला पत्ता नव्हता.

मग त्या बाईने विचारलं. तिचं नाव संध्या, हे नंतर कळलं. "म्हणजे मला उशीर झाला की बंद पडायचं, ते..."

"ते या मॅडम आधी आलेल्या असायच्या म्हणून," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तिने विचारलं, "तुम्ही किती वाजता निघता घरून?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मी कल्याणहून येते. मुलगी दीड वर्षाची आहे. हल्ली मी निघते तेव्हा ती उठलेली नसते." एवढं बोलून ती थांबली आणि मालकांकडे बघितलं. मालक टेबलावरचा पेपरवेट फिरवायला लागले. तेव्हा कळलं, की या महिन्याअखेर तिला काढणार होते. मशीन नीट वापरता येत नाही, सारखं बिघडवते, म्हणून. तसं तिला सांगूनही झालं होतं.

त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

"यात यांची चूक नाही," ते मालकांना म्हणाले. "यांनी काहीच बिघडवलेलं नाही. पहिली चूक या मॅडमना नंबर देणाऱ्याची. दुसरी माझी. मला कळायला तीन महिने लागले. तीन महिन्यांपूर्वी कळलं असतं तर तुम्ही यांना बोलला नसता."

मालक म्हणाले, "तुम्ही आमच्याकडे कामाला नाही, तुमची चूक कशी?"

"वायर एकच आहे ना," ते म्हणाले.

संध्या उठून आत गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत होता. मालक पेपरवेट खाली ठेवून म्हणाले, "बरं, ते मी बघतो." महिनाअखेर आली आणि गेली, संध्या तिथेच राहिली. माफी वगैरे कोणी मागितली नाही.

ते परत आमच्याकडे आले, शिडीवर चढले, भिंतीशी वायर तोडली आणि आमच्या टोकाला टोपी लावली. मग दुसरी टोपी घेऊन पलीकडे गेले आणि तिकडच्या टोकाला लावून आले. साहेब कॅबिनच्या दारात उभे होते.

"तुमचं काम झालं," साहेब म्हणाले. "आता यायची गरज नाही."

"बरं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, आता दुरुस्त झालं," एवढं सांगून त्यांनी बॅग उचलली. शिडी वॉचमनची होती, ती परत द्यायला ते विसरले नाहीत.

त्यांच्याकडे आमचं वर्षाच्या कराराचं काम होतं, ते गेलं. साहेबांनी पुढे एक टाय लावणारी कंपनी आणली. त्यांनी निळ्या रंगाच्या बारीक वायरी सगळीकडे टाकल्या. त्यांच्यातलं कोणी चुकलं की फोन बंद असायचा.

मी आणि संध्या दोघीही वेळेवर यायला लागलो. साहेबांनी एकदा विचारलं, "हल्ली उशिरा येता?" मी म्हटलं, "हल्ली वेळेवर येते." दुपारचा डबा आम्ही दोघी खालच्या पायरीवर बसून खायचो. एकदा ती भिंत माझ्या बाजूने बघायला म्हणून वर आली. बघून म्हणाली, "मला वाटायचं तुमच्याकडे गोदाम असेल."

पलीकडच्यांनी स्वतःचं मोडेम घेतलं आणि ते बसवायला आमच्या 'अंदाजां'नाच बोलावलं, त्यामुळे ते अधूनमधून जिन्यात भेटायचे. मी एकदा विचारलं, "आमचं काम गेलं, वाईट वाटलं का?"

"वाटलं," ते म्हणाले. "तुमच्याकडचा चहा चांगला होता."

मग मी ते विचारलं, जे सगळ्या ऑफिसला विचारायचं होतं. चुकलं की एवढ्या मोठ्याने का सांगता? ते पायरीवर बसले. शहाडच्या त्या कारखान्यात वाफेचा दाब दाखवणारं एक गेज अडकलेलं होतं, ते म्हणाले. काटा जागचा हलायचा नाही. आपण बघितलं आणि सांगितलं, ठीक आहे. नंतर शंका आली. पण एकदा ठीक म्हटल्यावर परत जाऊन चुकलं म्हणायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. त्याच पाळीत एक माणूस भाजला. वाचला, पण हात गेला. "कोणी मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. कारखाना बंद झाला तोवर सांगितलं नाही." एवढं बोलून ते उठले, पँट झटकली आणि वर गेले. पलीकडच्या ऑफिसातून थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "माझा अंदाज चुकला, लाइन बरोबर आहे, मोडेम गेलंय."

मग दोन-तीन महिने ते दिसले नाहीत. पलीकडच्यांनी फोन केले, उचलले गेले नाहीत.

संध्याच्या मुलीचा वाढदिवस होता, तिसरा की चौथा. तिने त्यांना बोलवायचंच असं ठरवलं. फोन लागेना म्हणून एका शनिवारी आम्ही दोघी रिक्षा करून बाळकुमला गेलो. नवे टॉवर उभे राहत होते, त्यांच्या मागे जुनी वस्ती. नावाने विचारलं तर कोणी ओळखेना. कॉम्प्युटरवाले म्हटल्यावर एका बाईने घर दाखवलं. कौलारू, पुढे ओटा. ओट्यावर त्यांचे भाऊ बसले होते. चेहरा तोच, फक्त रुंद.

दोन महिने झाले, भाऊ म्हणाले. दुपारी जेवून आडवा झाला, उठलाच नाही.

आम्ही उभ्याच राहिलो. संध्याच्या हातात वाढदिवसाची पत्रिका होती, तिने ती पर्समध्ये घातली. तेवढ्यात आतून त्यांची आई आली. खूप म्हातारी, वाकलेली. कोण, कुठल्या, असं काही तिने विचारलं नाही. त्याच्या कामावरच्या, एवढं भावाने सांगितलं, ते तिला पुरलं.

"बसा गो," ती म्हणाली. "जेवून जावा."

आम्ही नको म्हटलं. तिला ते ऐकूच गेलं नाही, किंवा गेलं असेल. तिने दोन ताटं आणली. तांदळाची भाकरी, भात, आणि कांद्यात परतलेला जवळा, म्हणजे बारीक सुकी कोलंबी. ती आमच्या समोर भिंतीला टेकून बसली आणि कोण किती खातंय ते बघायला लागली.

"तो काय खायचा नाय," ती म्हणाली. "दोन घास खायचा, की चालला."

संध्या कल्याणच्या जोशीआळीतली. तिच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं, आणि माझ्या डब्यात मासे असले की ती पायरीवर एक पायरी वर सरकून बसायची. मी तिच्याकडे बघितलं. तिचं ताट हळूच माझ्याकडे ओढून घ्यावं म्हणून हात पुढे केला. तिने माझा हात बाजूला केला. भाकरीचा तुकडा मोडला, जवळा घेतला आणि तोंडात घातला. मग दुसरा. खाली बघून तिने सगळं ताट संपवलं.

म्हातारीने विचारलं, "आणखी देव का?"

संध्याने ताट पुढे केलं.